आमच्या घरचं जरा वेगळं आहे

चष्म्याच्या दुकानातल्या काकू एखाद्या घरी गेल्या आणि चहाला हात लावेनात, की त्या घरच्या बापानं समजून जावं, आता आपली काही धडगत नाही.

ही रीत काकूंनीच काढलेली. त्यांचं महिला मंडळ दुकानाच्या माडीवर भरायचं. कुणी मुलीला शाळेतून काढलं, कुणी तिचं पुढचं शिक्षण थांबवलं, अशी कुणकुण लागली की तिघीजणी त्या घरी जायच्या. भांडायचं नाही, भाषण ठोकायचं नाही, नुसतं बसायचं. चहा आला की समोर ठेवून घ्यायचा आणि घरचे 'हो' म्हणेपर्यंत त्याला शिवायचं नाही. कपावर साय धरायला लागली की भलेभले वरमायचे. मग काकू हळूच विचारायच्या, "घरात आणखी कोण कोण आहे?" कारण 'मुलगी घरी लागते' म्हणणाऱ्या प्रत्येक घरात एखादा धडधाकट पुरुष पेपर वाचत बसलेला असायचाच.

आणि बाप तरी काय बोलायचा? सगळ्यांचं एकच पालुपद. "ताई, तुमचं पटतं हो, पण आमच्या घरचं जरा वेगळं आहे." परतीच्या वाटेवर मंडळाच्या बायका या वाक्याची नक्कल करून पोट धरधरून हसायच्या. सगळ्यात हुबेहूब नक्कल काकूंची.

आता काकूंच्या घरचं ऐका. सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उठवायचं, बसवायचं, औषधं द्यायची, हे सगळं काकूंच्या लेकीच्या, छोटीच्या अंगावर आलं. नाव छोटी, पण मुलगी उंचीला बापाच्या बरोबरीची. लिफ्ट दुरुस्तीच्या कोर्सला तिला प्रवेश मिळालेला. परगावी राहायचं होतं, आणि शनिवारपर्यंत हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. काकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू गं." छोटीनं हूं की चूं केलं नाही. पोर समजूतदार आहे, असं म्हणून काकू सकाळी दुकानात आणि दुपारी मंडळात जात राहिल्या. मनात खुटखुट होती, नाही असं नाही. पण खुटखुटीकडे बघायला वेळ कुणाला होता!

गुरुवारी काकू जेवायला घरी आलेल्या असताना दाराची बेल वाजली. दारात मंडळातल्या दोघी. एक बसवर कंडक्टर, तिला सगळे कंडक्टरताईच म्हणत, आणि दुसरी शाळेतली मास्तरीणबाई.

"कुणाकडे जायचंय? थांबा, चप्पल घालते," काकू म्हणाल्या.

"कुठे नाही. आत येऊ का?" मास्तरीणबाईंचा आवाज जरा अवघडलेला.

काकूंनी सवयीनं चहा टाकला. ट्रे घेऊन बाहेर येतात तर सोफ्यावर त्या दोघींच्या मधोमध छोटी बसलेली. केस विंचरलेले, बाहेर जायचे कपडे. काकूंनी तिघींपुढे कप ठेवले. कुणी हात लावेना.

"प्या की, निवतोय," काकू बोलून गेल्या, आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगं बाई! माझ्याच घरी?"

"काकू, तिकीट सगळ्यांनाच काढावं लागतं," कंडक्टरताई म्हणाली. "कंडक्टरच्या आईलासुद्धा."

काकूंचा पारा चढला. "छोटे, तू मंडळात जाऊन आईची तक्रार केलीस?"

"आईची नाही," छोटी मान खाली घालून म्हणाली. "मुलीला थांबवणाऱ्या घराची केली."

"मग मला काय हौस आहे थांबवायची? आजीला कोण बघणार? दुकान कोण उघडणार? अगं, मलाही सगळं पटतं, पण आमच्या घरचं जरा..."

काकू मधेच थांबल्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं, असं त्यांना झालं.

मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं, "घरात आणखी कोण कोण आहे?"

खिडकीजवळच्या खुर्चीत पेपरची सळसळ थांबली. काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले, तब्येतीनं ठणठणीत, रोज टेकडी चढून येणारे. त्यांनी पेपर खाली घेतला. "मला कुणी कधी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

खरंच होतं ते. किती घरांत काकूंनी हा प्रश्न विचारला होता, आणि स्वतःच्या घरात मात्र त्या खुर्चीला वळसा घालून केर काढत आल्या होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई कडाडल्या, "हिला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही, आणि म्हणे चष्मे विकते! अगं, त्याचं सगळं मी केलं. आता त्यानं मला उठवलं-बसवलं तर हात झडणार आहेत का त्याचे? अंघोळीपुरती एखादी बाई बघा आणि पोरीला सोडा!"

काकूंना भीती वाटली. यांनी चार दिवस केलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा पेपर उघडला तर? मग दुपारी घरी आपल्यालाच थांबावं लागेल, मंडळ सुटेल. मंडळ सुटलं तर आपण उरतो काय? हे मनात आलं, आणि मग त्यांना छोटीचा चेहरा दिसला. लिफ्टच्या कोर्सबद्दल हिलाही असंच वाटत असणार.

"जा तू," त्या म्हणाल्या. "शनिवारी मी येते पोचवायला. मागचं आम्ही बघू."

छोटी तोंडावर ओढणी धरून रडली. कंडक्टरताईनं डोळे पुसत कप उचलला आणि तोंड वाकडं केलं. "पार गारढोण झाला हो."

"थांबा, थांबा, मी गरम करून आणतो," म्हणत यजमान उठले आणि ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले. आतून दोन-तीन डबे उघडल्याचा आवाज आला. काहीतरी खाली पडलं.

"अगं, चहाचं भांडं कुठे असतं?"

छोटी सवयीनं उठायला लागली. काकूंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"अहो, शोधा," त्या बसल्या जागेवरून ओरडल्या. "सापडेल!"