लुक, सी आणि आबा

तिच्या शिकवणीत फळा नावालाच होता. खरा फळा म्हणजे आबा, तिचे वडील. इंग्रजीतल्या सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या लोक आज पाठ करतात आणि उद्या चहाबरोबर पिऊन टाकतात, हे तिला पहिल्याच महिन्यात कळून चुकलं. मग तिने आबांनाच सगळ्यांसमोर उभं केलं. बॉरो म्हणजे दुसऱ्याकडून मागून घेणं. आबा हसत हसत कुणाचं तरी पेन मागायचे. लेंड म्हणजे आपलं दुसऱ्याला वापरायला देणं. स्वतःचा कंगवा देताना आबांचा चेहरा असा व्हायचा, की जणू शेतच लिहून देताहेत. हिअर आणि लिसनच्या वेळी ते पेपरात डोकं घालून बसायचे. तिने चार हाका मारल्या तरी ढिम्म. हळूच "चहा" म्हणाली की ताडकन उभे! अलीकडे तर ते पेपर उलटा धरायचे, आणि त्यालाही टाळ्या पडायच्या.

एरवी आबा शाळेची व्हॅन चालवायचे. सकाळी पोरं पोचवायची, दुपारी आणायची आणि मधल्या वेळात लेकीच्या शिकवणीत मिरवायचं. साठी उलटली तरी चष्मा नाही, याची केवढी घमेंड! व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारच्या सीटवर हक्काने बसायची ती नात, चिमी, दुसरीतली. रस्त्यात दिसेल ते इंग्रजीत मोठ्यांदा सांगायचं, हा खेळ आबांनीच काढलेला. "रेड! ग्रीन! ट्रक! मॅन क्रॉसिंग!" पोरगी अशी फाडफाड बोलायला लागली, की तिची आई येईल त्याला लेकीचं कौतुक सांगत सुटायची.

घरात एक थट्टाही होती. चिमीला सर्दी झाली की व्हॅनलाही होते म्हणे. पोरगी आजारी पडायचा अवकाश, क्लच तरी जायचा नाहीतर बॅटरी तरी उतरायची, आणि आबा दुसऱ्या व्हॅनवाल्याला पोरं न्यायला सांगायचे. आजही तेच. चिमी आतल्या खोलीत नाक ओढत पडली होती, व्हॅन दारात उभी होती आणि आबा सकाळपासून मोकळे.

आजची जोडी होती लुक आणि सी. वर्गात नेहमीची मंडळी. शिवणाचं दुकान चालवणारी मावशी, आणि कुरिअरवाला, ज्याला सगळे शंकासुर म्हणत.

"लुक म्हणजे बघणं," ती म्हणाली. "मुद्दाम नजर लावणं. सी म्हणजे दिसणं. नजर लावली म्हणजे दिसेलच असं नाही."

"असं कसं? डोळे उघडे ठेवून बघितलं तर दिसणारच ना?" शंकासुराने तोंड घातलं.

"आबा दाखवतील. या हो आबा."

आबा ऐटीत खिडकीशी गेले. कपाळावर आडवा हात धरला, मान थोडी वाकडी केली. "आय लुक," ते गरजले. "आणि आता, आय सी! आय सी अ ब्लू बोर्ड. आय सी अ बिग सीझर!"

वर्ग खदखदून हसला. मावशी तर डोळे पुसायला लागली. "अहो काका, माझी कात्री कुठली आता? दुकान मागच्या गल्लीत नेलं की मी! समोर आता औषधांचं दुकान झालंय, हिरवीगार पाटी आहे!"

आबांनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "माहीत आहे गं. गंमत केली."

तिला मात्र हसू आलं नाही. माणसाएवढी पत्र्याची कात्री होती ती, निळ्या पाटीवर. आता तिथे हिरवा दिवा भरदिवसा लुकलुकत होता. आंधळ्यालाही दिसावा असा, असं तिच्या मनात आलं आणि ती आबांकडे निरखून बघायला लागली.

"आबा," ती म्हणाली, "दुकानाच्या पायरीवर कोण उभं आहे?"

"गिऱ्हाईक असेल."

"बाई की बाप्या?"

"तुझा हा वर्ग आहे का पोलीस चौकी?" आबा हसले. पण त्यांचा चेहरा दुकानाकडे नव्हताच. तो खिडकीच्या चौकटीकडे वळलेला होता, कोपऱ्यातून चोरून बघितल्यासारखा. पायरीवर कुणीसुद्धा उभं नव्हतं.

"आज एवढंच," ती म्हणाली. कशीबशी म्हणाली. मंडळी चपला घालत निघून गेली. शंकासुर जाता जाता "फरक एकदम कळला बाई" म्हणाला, तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तिला. बिचाऱ्याचा काय दोष!

दार लावून ती वळली. "कधीपासून?"

आबा खुर्चीत बसले. खोटं बोलावं का, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून सरळ सरळ गेला. मग खांदे पडले.

"गेल्या वर्षापासून. मधोमध धूर असतो. कडेचं दिसतं. वाढतोय तो."

"आणि व्हॅन? आबा, व्हॅन! दुसऱ्यांची पोरं असतात तुमच्या मागे!"

"रस्ता पाठ आहे मला. पंचवीस वर्षं तोच रस्ता."

"सिग्नल पाठ असतो का? समोर येणारा ट्रक पाठ असतो?" तिचा आवाज फाटला, आणि त्याच आवाजात तिला चिमीचं बोलणं ऐकू आलं. ट्रक. रेड. ग्रीन. मॅन क्रॉसिंग. चिमीची सर्दी. व्हॅनची सर्दी. देवा रे!

"तुम्ही तिला... सात वर्षांच्या पोरीला?"

"हुशार आहे ती," आबा पुटपुटले. "कधी चुकत नाही. अगं, व्हॅन गेली तर मी काय उरतो? कोपऱ्यातली खुर्ची. ती पोरं आबा, आबा करतात. थांबणार होतो. या सुट्टीनंतर नक्की थांबणार होतो."

तिला त्यांचा संताप आला. आणि त्याच वेळी त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही सोसवत नव्हतं.

आतल्या दारात चिमी उभी होती. पांघरूण फरफटत आलेली, नाक लाल.

"आई, आबांना रागावू नको. आमचा खेळ आहे तो. मी नीट सांगते सगळं." मग प्रामाणिकपणे म्हणाली, "एकदाच मी विसरले. मैत्रिणीशी बोलत होते ना, तर रेड म्हणायचं राहिलं. पण ती सायकलवाली बाई ओरडली आणि आबांनी जोरात ब्रेक मारला. कुणालाच लागलं नाही."

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हॅनमधल्या एका मुलाची आई होती. "चिमी बरी आहे का? आणि आबांची व्हॅन उद्या येणार ना हो? आमचा लेक दुसऱ्या कुणाबरोबर जायला तयारच नाही."

आबांनी तोंडावरचे हात काढले. ते लेकीकडे बघत होते, निदान चेहरा तरी तिच्या बाजूला होता. "उद्याचा एक दिवस," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी माझ्या तोंडाने सांगतो त्यांना. एकच दिवस दे."

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "उद्या येणार नाही. यापुढेही नाही. आबांना दिसत नाही. गेलं वर्षभर दिसत नव्हतं. आम्हाला आजच कळलं." पलीकडून ती बाई मोठमोठ्याने बोलायला लागली. तिने सगळं ऐकून घेतलं.

आबांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली, टेबलाची कड चाचपली आणि ती तिथे ठेवून दिली. चिमी त्यांच्या मांडीला येऊन चिकटली. मग रोजच्या सवयीने तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि समोर दिसत होतं ते सांगितलं.

"आबा, आई रडतेय."