खोकला बांधणारा बाबा

भेटीच्या वेळी हाडांच्या वॉर्डात मुंगी शिरायला जागा नव्हती. फुंकरबाबा आले होते!

“काल एका फुंकरीत आजींचा खोकला बांधला हो!” जो तो सांगत होता.

आजींच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं. मी त्या वॉर्डातली डॉक्टर. घरच्यांना सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला होता : पडून राहिलं की छातीत कफ साठतो. टेकून बसवा, खोल श्वास घ्यायला लावा, खोकू द्या, आधार देऊन चालवा. दुखणं कमी करायला औषध मी देते. पण आजी कळवळल्या की थोरल्या मुलाचा जीव खालीवर व्हायचा. “आईला छळू नका,” म्हणत त्यानं मला न विचारता बाबाला आणलं.

बाबानं फुंकर मारली, मंतरलेलं पाणी पाजलं आणि आजी गाढ झोपल्या. खोकला बंद! आज मात्र त्या तापानं फणफणल्या होत्या, धाप लागली होती. मी ऑक्सिजन लावला.

“बांधलेला खोकला धडपडतोय,” बाबा डोळे मिटून म्हणाला. “आणखी दोन घोट द्या.”

मी त्याच्या हातातली मंतरलेल्या पाण्याची बाटली हिसकावली. वास गोड, औषधी. “आधी तुम्ही प्या.”

“छे, छे! मला गाडी चालवायचीय.”

“का हो?” धाकटी सून पटकन म्हणाली. “पाणी पिऊन झोप येते?”

बाबा पिशवी उचलून दाराकडे वळला. सुनेनं त्याची पिशवीच उलटी केली. खोकला दाबणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधाच्या तीन बाटल्या खाटेवर पडल्या.

“खोकला दबला, कफ आतच राहिला,” मी चिडून म्हणाले. “गुंगीत श्वासही उथळ झाला. हा न्यूमोनिया आहे, चमत्कार नाही!”

बाबाला सुरक्षारक्षकांच्या हवाली केलं. आजी वाचल्या, पण घरी जायला तीन आठवडे लागले. थोरला मुलगा रोज त्यांच्या पाठीला हात देऊन बसवायचा. “खोक, आई,” म्हणताना त्याचेच डोळे भरायचे.

मला वाटलं, वॉर्ड शहाणा झाला. तोच शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे जावई हळूच म्हणाले, “डॉक्टर, त्या बाबांचा नंबर मिळेल का? फुंकरीत काहीतरी असेलच ना?”

कपाळावर हात मारावासा वाटला. “फुंकरीत वारा असतो,” मी म्हटलं. “चला, आजोबांना उठून बसवूया. खोकू द्या त्यांना.”