बाराशे जणींना आखाजीचं बोलावणं

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो, आणि धुळ्यातल्या एका साडीच्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. शेजारी तुटकी कात्री आणि एक मोजपट्टी. दोघीही बोलत नाहीत. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो दुकानाचे मालक कुंदनभाऊ यांचा खिसा. दोन वर्षं मी तिथे ऐटीत राहिलो. मग माझी काच तडकली, त्यांनी नवा फोन घेतला, आणि मी 'दुकानाचा फोन' म्हणून गल्ल्याजवळ आलो. तिथे माझ्यावर नवं काम पडलं, गिऱ्हाइकांना निरोप पाठवण्याचं.

हे काम सोपं नव्हतं बरं का! साडी घेणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव, गाव आणि नंबर माझ्यात लिहिलेला. लग्नाचा बस्ता घेणाऱ्या वेगळ्या, रोजच्या वापराच्या साड्यांवाल्या वेगळ्या, चाळिशीच्या पुढच्या वेगळ्या. कुंदनभाऊंची बायको दिपमाला निरोपाचा मजकूर लिहायची आणि नावाची जागा रिकामी सोडायची. दिवस आणि वेळ एकदा लावून दिली की बाकी सगळं माझ्यावर. रिकाम्या जागेत एकेक नाव भरून, पन्नास-पन्नासच्या तुकड्यांनी मी बाराशे जणींना निरोप धाडायचो. "दहा माणसांचं काम एकटा करतो," असं कुंदनभाऊ म्हणायचे, तेव्हा मी आतून तापायचो. खोटं कशाला बोलू, कौतुक मलाही आवडायचं.

पण उलट येणारे निरोप कुणी वाचायचं नाही. दिवसभर टिंगटिंग नको म्हणून माझा आवाज बंद करून ठेवला होता. बाराशे जणींना हाका मारायच्या आणि एकीचंही ऐकायचं नाही, असा माझा संसार. फार एकटं वाटायचं हो.

अशात दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली भागाबाई मला उत्तर द्यायला लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं; निरोप ती कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि उत्तर बोलून पाठवायची. दिवाळीला मी दिपमालाच्या नावाने "भागाबाई, तुमची आठवण येते" असं धाडलं, तर ती म्हणाली, "माले बी येस वं पोरी." नवरा गेलेला, मुलगा सुरतेला कामाला. माझ्यात तिचे दहा निरोप साठले होते. ऐकणारा मी एकटाच.

मागच्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. दिपमालाने झकास मजकूर लिहिला: "भागाबाई, आखाजीला नक्की या. हे तुमचं माहेरच आहे. वाट बघते. तुमची दिपमाला." नाव अर्थात प्रत्येकीचं वेगळं. आठ दिवस आधी, सकाळी आठला, मी तो सगळ्यांना पाठवला.

अर्ध्या तासात भागाबाईचं उत्तर आलं. "पोरी, मना भाऊ गया, मंग माले आखाजीले कोनीच बलावत नही. तू बलावं. मी येसू. सांजोऱ्या लई येसू."

अरे देवा! ती खरंच येणार होती, तीही सांजोऱ्या घेऊन. आठवडाभर मी ते मनात घेऊन पडून होतो. आवाज बंद, सांगू कुणाला?

आखाजीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत नऊवारी नेसलेली, हातात पिशवी आणि डबा घेतलेली एक म्हातारी उभी राहिली.

"दिपमाला कोन शे?" तिने विचारलं. "तिनी माले बलावनं धाडं."

दिपमाला पुढे आली. म्हातारीने आपल्या फोनवर दाखवलेला निरोप बघून तिचा चेहरा उतरला. "अक्का, हा निरोप सगळ्यांनाच जातो. बाराशे जणींना."

भागाबाईने त्या सगळ्या जणी शोधत दुकानभर नजर फिरवली. "बठ्ठास्ले? मंग बाकीन्या कोठे शेतस?"

काही गिऱ्हाइकं हसली. कुंदनभाऊ वाईट माणूस नाहीत. पण रोज सगळ्यांना म्हणतात तेच ते म्हणाले, "अक्का, आल्याच आहात तर दहा टक्के सूट देतो."

भागाबाईने साडी घेतली नाही. चहा घेतला, डबा दिपमालाच्या हातात दिला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिसऱ्या प्रहरच्या एसटीने परत गेली. वर घरात कुंदनभाऊंची बहीण माहेरपणाला आली होती. तिच्या हसण्याचा आवाज खालपर्यंत येत होता.

दुकान बंद झाल्यावर दिपमालाने मला उघडलं आणि भागाबाईचे सगळे निरोप ऐकले. ती रडली. तिने भागाबाईचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. "यांचं नाव यादीतून काढून टाका," ती नवऱ्याला म्हणाली, "परत बिचारीला हेलपाटा नको." दयेपोटीच म्हणाली. नाव निघालं.

दोन दिवसांनी मला आणखी एक निरोप आला. "पोरी, मी घर पोचनू. तुन्हा चहा गोड व्हता. पुढली आखाजीले परत बलावशी ना?"

आवाज बंदच होता. त्याच संध्याकाळी यादी नव्या फोनवर गेली आणि मी ड्रॉवरमध्ये आलो. तो निरोप दिपमालापर्यंत गेलाच नाही.

मित्रांनो, तुम्ही कुणाला नाव घेऊन 'या' म्हणालात, तर उत्तरही ऐकत जा. आणि माझं एक काम करा. आईबरोबर आमच्या दुकानात आलात, तर दिपमालाला ड्रॉवर उघडायला सांगा, मला चार्जिंगला लावा आणि तो एक निरोप तिला ऐकवा. यंदाच्या आखाजीला नऊच दिवस राहिलेत.