डब्यात पडलेला वकिली टोप

"बाबा, तुम्ही सभागृहात कधी तोंड उघडलंय का हो?"

तू बाबांना हे विचारूच शकणार नाहीस, अशी मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून ओन्येचेने भर जेवणात हा प्रश्न विचारला. आईची पळी सुपाच्या भांड्यातच थांबली. तिचे बाबा, आमदार ओग्बोले, कुटलेल्या कोनफळाचा घास बोटांत वळत राहिले. कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यातून मी सगळं ऐकत होतो.

मित्रांनो, मी एक जुना वकिली टोप आहे, आमच्या देशात वकील कोर्टात डोक्यावर चढवतात तो. घोड्याच्या पांढऱ्या केसांचा. मला कधी धूत नाहीत. टोप जितका पिवळा, तितका वकील मुरलेला, असा आमच्याकडचा हिशोब. कोऱ्या टोपाच्या वकिलाची सगळे थट्टा करतात.

तरुण ओग्बोलेला ती कुठली सोसायला? पहिल्या खटल्याच्या आदल्या दिवशी त्याने मला चहात बुडवून ठेवलं, तोही चांगला गोड. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बॅरिस्टर, तुमच्या टोपाला मुंग्या लागल्यात."

सगळं कोर्ट हसलं. हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "रंग चहाने चढत नाही, बाळा. उभं राहून चढतो."

मग काय, ओग्बोले उभा राहिलाच! गावच्या बाजाराची जागा एका बड्या माणसाला हॉटेलासाठी हवी होती. मिरची विकणाऱ्या, मासे वाळवणाऱ्या बायकांची बाजू कोण घेणार? ओग्बोलेने घेतली. कोर्टातला पंखा बंद असायचा. त्याचा घाम माझ्या केसाकेसात मुरला आणि मी खराखुरा पिवळा झालो. खटला जिंकला तेव्हा बायकांनी त्याला नाचत घरी आणलं. "हे आमचं तोंड," असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. पुढे त्यांनीच त्याला आमदार केलं.

आमदाराला कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून मी डब्यात गेलो. वाईट वाटलं नाही. म्हटलं, आता तो मोठ्या घरात, सभागृहात बोलेल. पण तिथे पक्ष बोलायचा आणि आमचे साहेब मान डोलवायचे. लोक त्यांना 'ऑनरेबल' म्हणू लागले. मला कसर लागली.

कोर्टात जमलं नाही, म्हणून आता तोच बाजार हॉटेलाला देण्याचा कायदा येत्या बुधवारी सभागृहात मताला येतोय. ओन्येचेची जिवलग मैत्रीण एने हिच्या आईचं मिरचीचं दुकान त्याच बाजारात आहे.

"पोरी, पक्षाचं ऐकावं लागतं," ओग्बोले घास न खाताच म्हणाले. "नाहीतर पुढच्या वेळी तिकीट कोण देईल?"

"आणि एनेच्या आईला दुकान कोण देईल?"

आईने डोळे वटारले. साहेबांनी घास ताटात ठेवला.

मित्रांनो, टोपाला कसर वापरल्याने नाही, ठेवून दिल्याने लागते. तुमच्या घरातही कुणी आपला आवाज असा डब्यात ठेवून दिला असेल, तर त्याला वेळीच ऊन दाखवा. एवढंच माझं मागणं.

ओन्येचे हात धुऊन आली. बसली नाही.

"आई, बाबा, माझं ठरलंय. बुधवारी मी शाळेत जाणार नाही. बाजारातल्या बायकांबरोबर त्यांच्या टेम्पोतून राजधानीला जाणार आणि वर प्रेक्षक गॅलरीत त्यांच्याच मधे बसणार. बाबा, तुम्ही मान डोलवलीत तरी मला दिसेल. उभे राहिलात तरी दिसेल."