नळीतला बुडबुडा

“काका, बुडबुडा दिसतोय,” पडद्यावरून अंतराळवीर बाई म्हणाल्या आणि काका खुर्चीतून अर्धवट उठले.

अंतराळस्थानकावर पाठवलेली ती नळी त्यांनीच भरली होती. प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांचं काम हेच. काचेची नळी घासायची, उकळून हवा घालवलेलं पाणी भरायचं आणि बुडबुडा राहिलाच तर नखाने टिचकी मारून वर पाठवायचा. मग लाल-निळे कण सोडून विजेची कळ दाबायची. वीज लालांना एकीकडे ओढते, निळ्यांना दुसरीकडे. पण तापलेलं पाणी वर उसळतं, जड कण तळाशी बसतात आणि शेवटी हाती येतो जांभळा गाळ. दोन रंग नीट वेगळे झालेले काकांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. पाहायचे तर आजच, आणि आजच त्यांच्या नळीने दगा दिला होता.

“टिचकी मारा, जाईल वर,” ते घाईघाईने म्हणाले.

बाई हसल्या. “काका, इथे वर कुठे आलंय?”

काका ओशाळले. मोहरीएवढा तो बुडबुडा नळीच्या मधोमध ठाण मांडून बसला होता.

“असेच कण सोडले तर सगळं मुसळ केरात,” शेजारी बसलेल्या प्रयोगशाळाप्रमुख मॅडम पुटपुटल्या.

काकांना एकदम बायको आठवली, ताप बघण्याआधी थर्मामीटर झटकणारी. “बाई, लाल झाकण मुठीत धरा आणि हात गरागरा फिरवा. पाणी बाहेरच्या टोकाकडे पळेल, बुडबुडा मुठीकडे येईल.”

बाईंनी पाय दांडीत अडकवले आणि हात फिरवला. बुडबुडा निमूटपणे झाकणाच्या खोबणीत शिरला.

मग कण सोडले. कळ दाबली. आधी नुसताच जांभळा धूर. हळूहळू त्याला मधून भांग पडला. डावीकडे लाल, उजवीकडे निळा, मधे स्वच्छ पाणी. ना काही उसळलं, ना बसलं. काका पडद्याजवळ सरकले. एकतीस वर्षं हे त्या गाळात होतंच, दिसत तेवढं नव्हतं.

“कळ बंद करतेय,” बाई म्हणाल्या.

काकांनी सवयीने मान फिरवली. कळ बंद झाली की उरलासुरला रंगही तळाच्या गाळात मिसळतो, हे त्यांना पाठ होतं.

“काका, बघा तरी,” मॅडम हळूच म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. दोन्ही पट्टे होते तिथेच उभे होते.