पाळणामहाराजांची दोरी

पंखे बंद करा, खिडक्या लावून घ्या, खोकला आला तर गिळा, असा हुकूम सुटला आणि तीनशे माणसांनी श्वास आवरून धरला. एके काळी जिथे प्लायवूडच्या थप्प्या लागत, त्या गोदामात आता सतरंज्या अंथरल्या होत्या. समोरच्या भिंतीपासून एक जाड दोर ताणून थेट महाराजांच्या गादीमागच्या पडद्यापलीकडे नेला होता. तो नखशिखान्त फुलांनी मढवलेला. त्याच दोराला मधोमध एक पाळणा टांगलेला. रिकामा.

पाळण्यासमोरच्या चौरंगावर एकेक बाई येऊन उभी राही. पाळणामहाराज डोळे मिटून म्हणत, "ये बाळा, आईला ओळख दे." मिनिटभर काही होत नसे. मग पाळणा जरासा शहारे, मग कुरकुरे, आणि बघता बघता असा झुले की आत बसलेल्या अदृश्य बाळाला घेरी यावी. कुणी हात लावलेला नाही, वारा नाही, पंखा नाही. बायका पदराने डोळे पुसत. पुरुष घसा खाकरत, कारण पुरुषांना रडू आलं की घसाच खाकरायचा असतो.

"डॉक्टर पोट बघतात," महाराज सांगत, "आम्ही पोटाच्या मागचं बघतो." पोटाच्या मागे पाठ असते हे त्यांना कुणी सुचवत नसे.

त्या दिवशी घड्याळवाल्यांच्या दोन्ही सुना आल्या होत्या. धाकटी सव्वीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. ती चौरंगावर चढली आणि पाळणा असा काही हलला की दोरावरची चार फुलं गळून तिच्या डोक्यावर पडली. सासूबाईंनी तिथेच डोळे टिपायला सुरुवात केली. मग थोरली चढली. चौतिशीची, लग्नाला नऊ वर्षं. महाराजांनी बाळाला तीनदा बोलावलं. पाळणा जागचा हलला नाही. तो इतका स्थिर होता की थोरलीला वाटलं, मुद्दाम श्वास रोखून बसलाय मेला.

"कूस रुसली आहे," महाराज म्हणाले. "एकवीस आठवडे इथे झाडलोट करायची. गोळ्या बंद, डॉक्टर बंद. नवऱ्याला काही करायचं कारण नाही. दोष जमिनीचा आहे, बियाण्याचा नाही."

पुरुषांच्या बाजूला उभ्या असलेल्या थोरलीच्या नवऱ्याने सोडलेला सुस्कारा तिला बायकांच्या बाजूला ऐकू आला. डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांपूर्वी त्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली होती. आधी यांची तपासणी, ती सगळ्यात सोपी, सुईसुद्धा टोचायची नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. ती चिठ्ठी कपाटात त्याच्या शर्टांखाली होती आणि दर वेळी नव्या शर्टाखाली सरकत होती. आमच्या घरात पुरुषांना असलं काही नसतं, असं तो म्हणायचा. जणू घरातले पुरुष हमीपत्रासकट मिळतात.

पंधरा दिवसांत कळलं की धाकटीला दिवस गेले.

मत्सर हा फार कष्टाळू प्राणी आहे. तो सुट्टी घेत नाही. धाकटी जिना चढताना कठड्याला हात लावी, तो हात थोरली मोजी. धाकटीच्या पाठीशी सासूबाई तिला उशी ठेवायला लावत, आणि ती उशी थोरलीच्याच खोलीतली. धाकटीला वास सहन होत नाही म्हणून फोडणी थोरलीने द्यायची, आणि धाकटीला उलटी झाली की घरभर अशी धावपळ उडे की जणू तिने पोटातून बक्षीस काढलं. आपल्याला उलटी झाली तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या होत्या, हेही थोरलीला आठवे. म्हणाल्या होत्या, शिळं खाल्लंस का. एकदा धाकटीने आपणहून तिच्याशी बोलायला तोंड उघडलं, तर थोरली "दूध उतू जातंय" म्हणून निघून गेली. चुलीवर त्या वेळी काहीही नव्हतं.

पण तिला सगळ्यात जास्त राग होता तो पाळण्याचा. माणूस पक्षपाती असतो हे समजू शकतं. लाकडाने पक्षपात करावा?

थोरली दिवसभर सासऱ्यांच्या दुकानात बसायची. डोळ्याला भिंग लावून ती मनगटी घड्याळं उघडी, लंबकाची जुनी घड्याळं तर सासऱ्यांपेक्षाही चांगली लावी. एका सकाळी एका वकिलांनी माणसाएवढं उंच घड्याळ दुकानात आणून उभं केलं. वजनांवर चालणारं. तक्रार अशी की आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी ते बंद पडतं. वकीलसाहेबांच्या पत्नीच्या मते त्या घड्याळात त्यांच्या दिवंगत सासूबाईंचा वास होता.

थोरलीला हसू आलं. हा घड्याळवाल्यांच्या घरातला पहिला धडा. वजनं रोज थोडी थोडी खाली उतरतात. उतरता उतरता एके दिवशी ती लंबकाच्या बरोबरीला येतात, म्हणजे त्यांची दोरी लंबकाएवढी लांब होते. मग लंबकाचं झुलणं वरच्या फळीतून वजनांत शिरतं, वजनं आपोआप झुलायला लागतात, लंबकाचा जोर खातात आणि घड्याळ थांबतं. लांबी सारखी असली तरच. दोन बोटं कमीजास्त असली तर वजन ढिम्म. तिने वकीलसाहेबांना दाखवायला म्हणून वजन लंबकाच्या पातळीला आणलं आणि वाट पाहिली. वजन जरासं शहारलं. मग झुलायला लागलं. कुणी हात लावलेला नाही, वारा नाही.

वकीलसाहेब काहीतरी विचारत होते. थोरलीच्या डोळ्यांसमोर मात्र पाळणा झुलत होता.

त्या आठवड्यात ती झाडलोटीला अर्धा तास लवकर गेली. खरं बोलायचं तर तिला सत्याची वगैरे ओढ नव्हती. धाकटीच्या डोक्यावर पडलेली ती चार फुलं तिला परत खाली पाडायची होती. सतरंजी झाडता झाडता तिने पाहिलं, दोर पडद्यावरून पलीकडे जातो आणि पडद्याजवळ एक दांडगा शिष्य पहारा देतो. कार्यक्रम सुरू झाल्यावर तिने पाळण्याकडे बघणं सोडलं आणि दोराकडे पाहिलं. पाळणा हलायच्या आधी पडद्याच्या बाजूची फुलं थरथरत होती. आधी तिकडची, मग मधली, मग पाळणा. बाळ स्वर्गातून येत असेल तर पडद्याच्या दिशेनेच का येतं?

आणखी एक तिच्या लक्षात आलं. दारात नोंदणीच्या बाई बसायच्या, गोड, मावशीसारख्या. लग्नाला किती वर्षं, वय किती, डॉक्टरकडे गेला होतात का, डॉक्टर काय म्हणाले, शेवटची पाळी कधी. सगळं हळूच विचारून कागदावर लिहायच्या आणि तो कागद पडद्याआड जायचा. ज्यांच्या लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली त्यांच्यासाठी पाळणा झुले. ज्यांच्या लग्नाला नऊ-दहा वर्षं झाली त्यांच्यासाठी तो मेल्यासारखा लटके.

पुढच्या आठवड्याला तिने पाळणा पुसायचं काम मागून घेतलं. पाळण्याच्या चारही दोऱ्या वर एका कडीत अडकवलेल्या होत्या आणि कडी एका दोरीने मोठ्या दोराला बांधलेली. थोरलीने त्या दोरीला एक गाठ मारली. पाळणा एक वीत वर गेला. फुलांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

गोदाम भरलं. सासूबाई धाकटीला घेऊन आभार मानायला पुढे बसल्या होत्या, आणि आज दोघे भाऊही आले होते, ते मागे उभे होते. पहिली बाई चौरंगावर चढली, नवी नवरी.

"ये बाळा," महाराज म्हणाले.

बाळ आलं नाही. महाराजांनी एक डोळा उघडला. दुसऱ्यांदा बोलावलं, तिसऱ्यांदा जरा दटावून बोलावलं. पाळणा नुसता अंग चोरून चुळबुळला. पडद्यापलीकडून मात्र कुणीतरी जोरजोरात धापा टाकत असल्याचा आवाज यायला लागला. नवरीचा चेहरा उतरला, आणि नेमका तो चेहरा पाहून थोरली उठली. नऊ वर्षांत तो तिने आरशात पुष्कळदा पाहिला होता.

"महाराज, दोरी मी एक वीत आखूड केलीय," ती म्हणाली. "तुमच्या बाळाला विताचा फरक पडतो का?"

मग तिने सरळ जाऊन पडदा ओढला.

पलीकडे त्याच मोठ्या दोराला वाळूचं एक पोतं टांगलेलं होतं आणि तो दांडगा शिष्य घामाने निथळत त्याला झोके देत होता. पडदा उघडल्याचं कळूनही दोन झोके त्याने सवयीने दिलेच.

गलका झाला. थोरलीने हात वर केला, आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बाईला गर्दीला गप्प करता येतं हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिने लंबकाची गोष्ट सांगितली. पोत्याची दोरी आणि पाळण्याची दोरी सारखी लांब, म्हणून पोत्याचा झोका दोरातून चालत पाळण्यात जातो. एक वीत फरक पडला की जात नाही. मग तिने गाठ सोडली.

"आता चौरंगावर कोण उभं राहतंय?"

कुणी पुढे होईना. तेव्हा तिने महाराजांनाच हात धरून चौरंगावर चढवलं, आणि शिष्याला म्हणाली, "दे रे भाऊ झोके." शिष्य गोंधळला होता, त्याने दिले. मिनिटभरात पाळणा शहारला, कुरकुरला आणि महाराजांच्या दाढीसमोर झक्क झुलायला लागला.

"अभिनंदन महाराज," मागून कुणीतरी म्हणालं, "जपून जिने चढा."

गोदाम इतकं हसलं की खिडक्यांच्या काचा वाजल्या. पण हसू ओसरल्यावर सासूबाई उठल्या. "असेल पोतं," त्या म्हणाल्या, "पण आमच्या धाकटीसाठी हलला आणि तिला दिवस गेलेच ना? ते पोत्याने केलं?"

लोकांना तेवढंच हवं होतं. माना डोलू लागल्या. महाराज हळूच चौरंगावरून उतरले आणि त्यांचा चेहराही सावरू लागला. याच प्रश्नाने तर थोरली दीड महिना जळत होती.

उत्तर धाकटीने दिलं. ती बसल्या जागेवरून बोलली, आणि आधी तिचा आवाज ऐकूही येईना. ती म्हणाली, वर्षभर दिवस राहिले नाहीत म्हणून ती आणि तिचा नवरा गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. दोघांच्या तपासण्या झाल्या. तिच्या थायरॉईडमध्ये बिघाड निघाला, सहा महिने रोज सकाळी एक गोळी चालू होती. "आणि मी इथे आले तेव्हा माझी पाळी आठ दिवस चुकली होती. नोंदणीच्या मावशींना मी तेही सांगितलं होतं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नोंदणीच्या मावशींची खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर गोदामात काय झालं ते निराळंच. महाराज मागच्या दाराने गेले. काही बायका रडल्या. दोन-चार माणसं शेवटपर्यंत म्हणत होती की पोतं खोटं असेल, पाळणा खरा होता. अशी माणसं सगळीकडे असतात.

घरी जाताना दोघी जावा मागे राहिल्या. थोरली जिंकली होती, पण छातीत जळतच होतं, उलट आता जास्त. "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "चार महिने ती चिठ्ठी शर्टांखाली पडलीय. तुम्ही दोघं गेलात हे कळलं असतं तर मी यांना ओढत नेलं असतं."

"कधी सांगणार, ताई? मी तोंड उघडलं की तुमचं दूध उतू जायचं."

थोरली म्हणाली, "मला तुझा फार राग येतो गं. अजून येतोय."

"माहितीय. मला उशीवरून कळलं. रोज सकाळी जरा जास्तच जोरात आपटून ठेवायचात."

दुसऱ्या दिवशी थोरलीने शर्टांखालची चिठ्ठी काढून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो म्हणाला, बघू. धाकटा भाऊ समोर बसला होता. तो म्हणाला, "दादा, मी जाऊन आलोय. काही होत नाही. पाच मिनिटं लाज वाटते, बस." मोठ्या भावाने तोपर्यंत कुणा पुरुषाच्या तोंडून हे ऐकलंच नव्हतं.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं. शंभर जोडप्यांपैकी ऐंशीहून जास्त जोडप्यांना वर्षभरात आपोआप दिवस राहतात, म्हणून नव्या लग्नवाल्यांना आशीर्वाद देणारा कुणीही बहुतेक वेळा खराच ठरतो. वर्षभरात नाही राहिले, तर दोघांनी तपासायचं. बाई पस्तिशीची असेल तर सहा महिन्यांच्या पुढे थांबायचंच नाही. कारण कधी बाईत असतं, कधी पुरुषात, कधी दोघांत, आणि कधी कधी सापडतच नाही. मग त्यांनी अहवाल दाखवला. त्याचे शुक्राणू कमी होते आणि मंद होते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, अंडकोषातली फुगलेली नस वगैरे आहे का ते बघू. काहींना औषध पुरतं, काहींना लहानशी शस्त्रक्रिया लागते, काहींना शुक्राणू धुऊन थेट गर्भाशयात सोडावे लागतात, काहींचं स्त्रीबीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणावे लागतात. हमी मी कशाचीच देत नाही, त्या म्हणाल्या. देणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. एकच गोष्ट नक्की, तुमचे चार महिने वाया गेलेत, आणि वय थांबत नाही.

नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला. घरी आल्यावर सासूबाईंनी नेहमीसारखं थोरलीला विचारलं, काय म्हणाले डॉक्टर, काय निघालं तुझ्यात?

"माझ्यात निघालं, आई," तो म्हणाला. "तिला नऊ वर्षं उगाच बोललो आपण."

स्वयंपाकघरात उभ्या थोरलीने हातातली पळी खाली ठेवली. तिला मूल होईल की नाही, हे त्या संध्याकाळी कुणालाच माहीत नव्हतं. उपचार पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचे होते. धाकटीचा तिला अजूनही हेवा वाटत होता आणि पुढेही बराच काळ वाटणार होता. पण नऊ वर्षं पाठीवर वाहिलेलं एक ओझं खाली उतरलं होतं, आणि ते ज्याचं होतं त्याने स्वतः उचललं होतं.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांना एवढीच विनंती. दोघांनी मिळून जा, दोघांनी तपासून घ्या आणि वेळ घालवू नका. लाजायचं असेल तर पाच मिनिटं लाजा. आणि काहीही न तपासता दोष कुणाचा ते सांगणारा कुणी भेटला, मग तो गादीवर बसलेला असो की आपल्याच घरात, तर त्याला शांतपणे विचारा, हे तुम्हाला कळलं कसं?