आवतण

वालाच्या दाण्याएवढा काळा माइक पदराला चिमट्याने अडकवलेला... आणि तो चालू आहे हे कमळाला उशिरा कळलं, कारण अंगणापलीकडच्या स्पीकरमधून कुणी म्हातारं माणूस धापा टाकत होतं, आणि ते माणूस तीच होती. तिने दाणा मुठीत झाकला, मग स्पीकरवाल्याने तो बंद केला.

पडघ्याजवळच्या या रिसॉर्टात दर रविवारी आगरी लग्न लागतं. बाराला एक, चारला दुसरं. मुहूर्त कधी चुकत नाही. नवरा देवेश, जो आठवडाभर राहनाळच्या गोदामात ड्युटी करतो आणि ज्याची खरी बायको संध्याकाळी त्याची वाट बघते. नवरी दीपाली, कारण ती रडते छान. मुंबईचे पाहुणे बसमधून उतरतात, गालाला हळद लावून फोटो काढतात, तांदळाची भाकरी खातात. आणि कमळा, वळ गावची धवलारीण – जिच्या धवल्याशिवाय, त्या लग्नगाण्याशिवाय, एके काळी गावात लग्न लागलं असं कुणी मानत नसे – नऊ मिनिटं गाते. नऊ मिनिटं प्रितेशने ठरवलेली. तो इथला मॅनेजर आणि तिचा सख्खा भाचा. मनाचा वाईट नाही, घाईचा आहे.

पण सुरुवात तिने स्वतःच गाळली होती, पहिल्याच रविवारी. धवल्याच्या आधी देवांना आवतण द्यायचं असतं, एकेकाला नाव घेऊन, की या, हळदीला बसा. पाहुण्यांसाठी नाटक ठीक आहे. देवाला कसं बोलवायचं नाटकाला? तेवढं तिने राखलं होतं, आणि त्याचा तिला, खरं सांगायचं तर, गर्व होता.

"काकी," मुंडावळ्या बांधून घेताना दीपाली हळूच म्हणाली, "माझी आई सांगतं, तिच्या लग्नान तू आधी देवांना आवतान दिलंस. ता मना कदी ऐकाला न्हाय भेटला."

"देव खऱ्या लग्नाला येतान."

"मंग मना शिकव."

"ता शिकवत न्हाय कोन. मांडवान बसून ऐकाचा, तसाच येतंय."

"मंग मी कंच्या मांडवान बसू?"

कमळा गाठ बांधत राहिली. पोरीने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं... कंच्या? गावात आता डीजे येतो. या प्रितेशच्याच लग्नात तिला भारी साडी नेसवून पहिल्या रांगेत बसवलं होतं – मावशी, तू फक्त आराम कर – आणि ती आराम करत बसली होती, मांडीवर हात ठेवून, आणि तिला इतकं रडू आलं होतं की लोकांना वाटलं, मावशीची माया. खऱ्या मांडवात आराम, खोट्यात गाणं. आणि ही परकी पोर दर रविवारी दोनदा बसते, ओठ हलवत. कमळाने ते कितीदा पाहिलं होतं... आणि पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलं होतं.

बघू तरी, म्हणून तिने मनातच सुरुवात केली. आधी डोंगरावरची आई. मग खाडी. मग गावदेवी. तिथून आवतण शेताकडे वळतं, बांधावरच्या... बांधावरच्या कुणाकडे? ती पुन्हा डोंगरापासून निघाली, पुन्हा गावदेवीशी थांबली. पुढे शेतांच्या जागी नुसती गोदामं दिसत होती, पत्र्याची, एकाला एक लागून. हे सासूकडून आलं होतं, पण तिने पाठ नव्हतं करून घेतलं. बांधावरून चालताना पायांना ते नाव आपोआप सापडायचं. राखायचं म्हणून उचलून ठेवलं, आणि ठेवल्या जागी ते आता नव्हतं.

ढोलकी वाजली. पाहुण्यांनी मोबाइल उंचावले. प्रितेशने लांबून नऊ बोटं दाखवली.

कमळाने दीपालीकडे पाहिलं. नवरी खाली मान घालून रडायला हवी होती, पण ती मान वर करून बसली होती, पुढे सरकून, पाटाच्या अगदी काठावर. कमळाला तिची अतोनात माया आली, आणि मायेच्या पाठोपाठ भीती. डोंगरावरच्या आईचं नाव जिभेवर होतं. घेतलं तर पाप, कदाचित. न घेतलं तर पुढच्या रविवारी तेही... आणि चौथं नाव, ते कुठे सापडणार, गायल्याशिवाय?

देव रागावतील, तिला वाटलं. रागावोत. रागवायला तरी त्यांना यावं लागेल.